पाणी पिऊन प्रवेश

भोपाळच्या आनंद नगरात आमच्या आत्याला दोन नावं होती. शाळेतली मुलं तिला बहनजी म्हणत आणि मुलांच्या आया आपसात बोलताना ‘पानी वाली बहनजी’ म्हणत. हे दुसरं नाव तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, पण तसं तिने कधी कबूल केलं नाही. खरं नाव सरोजिनी. पपांची थोरली बहीण, उंचीने बेताची, अंगाने भरलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. माझ्या जन्माच्या वेळी आईला मदत करायला ती अहमदनगरहून पंधरा दिवसांसाठी भोपाळला आली आणि राहिली ती राहिलीच. पपा म्हणत, ताईची ट्रंक अजून पूर्ण उघडलेली नाही, जाईल कधीतरी. हे वाक्य मी सतरा वर्षं ऐकलं.

ती राहिली त्याचं कारण मी नव्हे, शाळा. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत जुन्या पाळकसाहेबांनी ती सुरू केली होती, आणि शिकवायला कोणी मिळेना. आत्या नगरला मास्तरीण होतीच. तिने एक आठवडा मदत करते म्हणून खडू हातात घेतला, तो निवृत्त होईपर्यंत खाली ठेवला नाही. पाळकसाहेब मला धूसर आठवतात, पांढरा सदरा आणि पेपरमिंटचा वास एवढेच. पण त्यांचा नियम मात्र आमच्या घरात कुटुंबातल्या माणसासारखा वावरत होता. नियम असा: ज्या घरचं मूल शाळेत यायचं, त्या घरी आधी शाळेने जायचं, बसायचं, पाणी मागायचं आणि प्यायचं. त्यानंतरच नाव हजेरीपटावर चढवायचं. चहा चालायचा नाही. चहा सगळेच पाजतात, त्यात शिष्टाचार असतो. पाणीच मागायचं.

पाळकसाहेबांनी हे काढलं होतं विहिरीवरच्या शोमरोनी बाईच्या गोष्टीतून. जिच्या हातचं पाणी कोणी प्यायचं नाही, तिच्याकडेच येशूने भर दुपारी पाणी मागितलं. पाळकसाहेबांचं म्हणणं, पुढे दहा वर्षं आपण या मुलांना हे करा, ते करू नका, असं सांगतच राहणार, तेव्हा सुरुवातीला एकदा तरी आपण त्यांच्यापुढे हात पसरलेला बरा. आत्याने त्यात स्वतःची एक भर घातली होती. पाणी पिऊन निघाल्यावर वहीत एक ओळ लिहायची, त्या मुलाविषयी अशी काहीतरी, जी शाळेत बसून कळली नसती. त्या वह्या मी चोरून वाचत असे. ‘आजोबा बहिरे आहेत, मुलगी ओरडून बोलते ती उद्धट म्हणून नव्हे.’ ‘बापाला गाण्याचा नाद, मुलगा वर्गात ठेका धरेल, मारू नये.’ ‘बकरीचं नाव आणि मुलाचं नाव एकच, चिडवल्यास लक्ष ठेवणे.’

आमच्या घराचं वेळापत्रक कारखान्याच्या भोंग्यावर चाले. पपा तिथे फोरमन होते. सकाळी भोंगा वाजला की आईचे पोहे खाली उतरत आणि रोजचं भांडण सुरू होई. आई नगरची, तिला पोह्यांवर खोबरं कोथिंबीर हवी. मी आणि माझे धाकटे भाऊ भोपाळचे, आम्हाला वर शेव हवी, जिरावण मसाला हवा, आणि रविवारी बाजूला जिलबी. आई म्हणे, हे पोहे आहेत की किराणा दुकान. संध्याकाळी प्रार्थना. आत्या पेटी वाजवी, तिची एक पट्टी दाबली की दाबलेलीच राही, त्यामुळे आमची सगळी मराठी भजनं त्या एका सुराच्या सोबतीने होत. प्रार्थना झाली की पपा आमचं मराठी तपासत. ‘मला भूक लागून राहिली’ म्हटलं की तेच वाक्य तीनदा शुद्ध करून म्हणायला लागे, तोवर भूक खरोखरच लागून राहिलेली असे. आता बाग सेवनियाच्या घरात माझा नातू मला सांगतो, ‘आजी, माझा मूड ऑफ होऊन गेला,’ आणि मी काही बोलत नाही. पपा असते तर पोरगं उपाशी मेलं असतं.

मी आठ वर्षांची झाले तेव्हा आत्याने मला पाणी प्यायच्या फेरीवर घ्यायला सुरुवात केली. मार्च एप्रिलची दुपार, तिची काळी छत्री माझ्या हातात, वही तिच्या हातात. काम कठीण होतं. पेला पूर्ण संपवायचा हा कडक नियम. “अर्धं पाणी म्हणजे अर्धा नमस्कार,” असं ती म्हणायची. चार घरांनंतर मला पोटात पखाल घेऊन चालल्यासारखं वाटे, आणि आडोसा कुठे मिळेल याचा नकाशा माझ्या डोक्यात तयार असे. पण पाण्याची पारख मला तिथेच आली. मराठी घरात गुळाचा खडा पुढे येई. हापशाच्या पाण्याला खिळा चोखल्यासारखी चव असे. एका बँकेच्या कारकुनाकडे नवाकोरा फ्रिज होता, त्याचं पाणी प्यायल्यावर माझे दात संध्याकाळपर्यंत दुखले. आणि माझी मैत्रीण निखत, तिच्या अम्मी माठात केवड्याचं काहीतरी घालत. तिथे मी दोन पेले मागत असे, आत्याने डोळे वटारले तरी.

मग आमच्या आजूबाजूच्या शेतांत कॉलन्या उगवल्या. एका वर्षी आमची मुलं बोर्डाच्या परीक्षेत चांगली चमकली, आणि दुसऱ्या वर्षी अर्ज घ्यायच्या दिवशी फाटकाबाहेर पहाटेच रांग लागली. रांगेत धोबी होते, रिक्षावाले होते आणि ज्यांच्या घरी बागकामाला माळी येतो असेही होते. चर्चच्या मंडळाला फार आनंद झाला. शाळेवर वर्ग चढवायचे ठरले, विटा येऊन पडल्या. आत्यालाही आनंद झाला. फक्त एवढ्या सगळ्यांच्या घरचं पाणी कोण आणि कधी पिणार, हा प्रश्न कोणी काढत नव्हतं. तो शेवटी आमच्याच जेवणाच्या टेबलावर निघाला, कारण शाळेच्या समितीचे सेक्रेटरी होते आमचे पपा.

पपा दुष्ट नव्हते, हे मला स्पष्ट लिहून ठेवलं पाहिजे. त्यांना शाळेचं प्रेम होतं, पण ते कारखान्यातलं प्रेम होतं. काम वाढलं की पद्धत बदलायची. त्यांचं म्हणणं, छापील फॉर्म काढू, छोटीशी लेखी चाचणी घेऊ, आणि पाण्याचा नियम पाळकसाहेबांच्या फोटोखाली लिहून ठेवू, म्हणजे मानही राहील. समितीचे अध्यक्ष विल्सन साहेब, रेल्वेतून निवृत्त झालेले, वक्तशीर आणि सभ्य गृहस्थ, त्यांचंही तेच मत. आत्या म्हणाली, चार वर्षांच्या पोराला पेन्सिल धरता येत असेल तर ते शाळेत कशाला येतंय?

“ताई, डबे वाढले की इंजिन बदलावं लागतं,” पपा म्हणाले.

“बदल ना. रूळ कशाला उखडतोस?”

आईने दोघांच्या पानात एकदम भाजी वाढली, म्हणजे तोंडं बंद होतील.

समितीने तोडगा काढला. या वर्षी मे संपायच्या आत एकूण एक घरी जाणं झालं, तर नियम राहील. एक घर जरी सुटलं, तर पुढच्या वर्षीपासून फॉर्म आणि चाचणी. आत्याने हे आव्हान असं स्वीकारलं की पहिले दोन दिवस ती घरात चालताना नुसती गुणगुणतच होती. तिची फौज म्हणजे शाळेच्या दोन बाई, आई आणि मी. मी तेव्हा नववीची परीक्षा दिलेली, अंगाने वाढलेली, सहा वर्षांचा अनुभव पाठीशी. वस्तीचा नकाशा पाहिजे होता, तो पपांनी काढून दिला. ते विरुद्ध पक्षाचे, पण सुबक नकाशा काढायची संधी त्यांना सोडवेना. गल्ल्या लाल, नाला निळा, प्रत्येक घराला नंबर. आत्या म्हणाली, शत्रूला इतकं स्वच्छ अक्षर कुणी दिलं असेल?

आईला कॉलन्या मिळाल्या, आणि तिथे ती साफ अडकली. एका घरी तास तास बसायची, लोणच्याची कृती द्यायची आणि बट्टीसारख्या बाफल्यांची घेऊन यायची. दिवसाला तीन घरं, आणि पिशवीत तीन बरण्या. मला नाल्यापलीकडच्या गल्ल्या दिल्या होत्या आणि मी दिवसाला आठ घरं करत होते. रात्री जेवताना आकडे सांगायची वेळ आली की मी माझा आकडा शेवटी सांगे, म्हणजे परिणाम जास्त होई. आत्या कौतुकाने माझ्याकडे बघायची. त्या कौतुकाची मला इतकी चटक लागली की घरांपेक्षा आकडाच मला दिसायला लागला. हे आज कळतं. तेव्हा मला वाटत होतं की मी शाळा वाचवते आहे.

शेवटच्या दिवशी माझ्या वाट्याची तीन घरं उरली होती. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. नाल्याच्या पुलापाशी निखत भेटली. तिच्या मामूंची जीप बडे तालाबवर निघाली होती, जीपमध्ये एक जागा होती, आणि तिथे बर्फाचा गोळा मिळणार होता. “चल ना, अपन अँधेरा होने से पहले आ जाएँगे,” ती म्हणाली. मी कडुनिंबाखाली बसले आणि वही उघडली. पहिली दोन घरं मला पाठ होती. एकात मी लहानपणी सागरगोटे खेळलेले, दुसरं निखतच्या शेजारचं. त्यांच्या ओळी मी खऱ्या लिहिल्या, पाणी तेवढं खोटं. तिसरं नाल्यापलीकडचं शेवटचं घर, आई गेंदाबाई, मुलगी पिंकी. त्या घराचं मला काहीच माहीत नव्हतं. मी लिहिलं, ‘घर स्वच्छ. पाणी गार. मुलगी हुशार.’ तीन वाक्यं लिहिली आणि तिन्हींतलं काही मी डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. गोळा कालाखट्टा होता, आणि खरं सांगते, फार छान होता. पाप करून खाल्लेलं तोंडात कडू होतं असं आम्हाला संडे स्कूलमध्ये शिकवत, ते खोटं आहे. कडू व्हायला महिना लागला.

मे संपला, वह्या जमा झाल्या, आत्याने शेवटच्या पानापर्यंत सह्या ठोकल्या. नियम जिंकला. पपांनी मोठ्या मनाने हार मान्य केली आणि स्वतः जाऊन जिलबी आणली. विल्सन साहेबांनी हात जोडून आत्याचं अभिनंदन केलं, आणि आत्याने सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की यातली सर्वांत जास्त घरं करुणाने केली. मी त्या दिवशी जिलबीचा एकच वेढा खाल्ला. आईला वाटलं, उन्हाचं पित्त झालंय.

शाळा उघडायच्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. नवी मुलं पुढे, आईबाप मागे, पेटीपाशी आत्या, खुर्चीवर विल्सन साहेब. पहिलं भजन संपलं, त्या पेटीच्या पट्टीचा सूर अजून रेंगाळत होता, तेवढ्यात मागून एक बाई गर्दीतून वाट काढत पुढे आली. किडकिडीत, डोक्यावरून पदर, एका हाताला धरलेली दोन वेण्यांची मुलगी, दुसऱ्या हातात स्टीलची बंद लोटी आणि पेला. आत्यापुढे येऊन ती थांबली, आणि तिने पेल्यात पाणी ओतलं. हात स्थिर नव्हता, थोडं सांडलं.

“बहनजी, मैं गेंदाबाई। लिस्ट में पिंकी का नाम आ गया, पर हमारे घर कोई आया नहीं। मैं तीन दिन काम पर नहीं गई, बैठी रही। फिर मैंने सोचा, हमारे घर का पानी शायद ठीक नहीं लगा होगा। कोई बात नहीं। पर नियम तो नियम है, तो मैं ले आई।”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच वाईट होतं. आत्या माझ्याकडे बघत नव्हती, ती टेबलावरच्या वहीत पान शोधत होती. तिला ते सापडलं. माझी तीन वाक्यं तिने वाचली, आणि तिचा चेहरा बघून मला कळलं की ते पान ती पहिल्यांदाच वाचते आहे. मी बसल्या जागेवरून उठले. मला धाडस वगैरे काही आलं नव्हतं, बसून राहणं उठण्याहून कठीण होतं एवढंच. मी मोठ्याने म्हटलं, की मी गेले नव्हते, मी तालाबवर गेले होते, आणि हे मी झाडाखाली बसून लिहिलं.

विल्सन साहेब खुर्चीवरून उठले. त्यांना दुसऱ्याला खाली बघायला लावायची सवय नव्हती, म्हणून ते हळूच बोलले. “सिस्टर, फिर तो नियम पूरा नहीं हुआ।”

“नहीं हुआ,” आत्या म्हणाली. “लड़की ने बिना गए लिखा, और मैंने बिना पढ़े साइन किया। आप मीटिंग रख लीजिए।”

गेंदाबाईने पेला पुढे केलेलाच होता. आत्याने तो घेतला नाही. “यहाँ नहीं पिऊँगी,” ती म्हणाली, आणि गेंदाबाईचा चेहरा पडला. तिला जे वाटत होतं तेच खरं ठरलं असं तिला वाटलं असणार. आत्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “पानी घर बैठकर पीते हैं। चलो, घर दिखाओ।”

मग जे झालं ते शाळेच्या इतिहासात पुन्हा कधी झालं नाही. प्रार्थना अर्ध्यावर टाकून मुख्याध्यापिका चालायला लागली. तिच्यामागे मी, माझ्यामागे कपाळाला हात लावलेले पपा, त्यांच्यामागे घड्याळ बघत विल्सन साहेब, आणि कुठे चाललोय हे माहीत नसलेली निम्मी शाळा. एका पोराला वाटलं पहिल्याच दिवशी सहल निघाली, त्याने डबा उघडून खायला सुरुवातही केली. आत्या माझा हात घट्ट धरून चालत होती. ती रागावेल याची मी वाट बघत होते. ती मराठीत, पुढे बघत, अगदी साध्या आवाजात बोलली.

“माझ्या आजीला नगरला वरून ओंजळीत पाणी ओतायचे. पेला नाही, भांडं नाही. का ओततात हे तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. ती आपलं आपण समजली. ही पण तशीच समजली, करुणा. तू गोळा खायला गेली होतीस, हे तिला कुठून कळणार?”

मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं की मी खोटं लिहिलं, एवढाच माझा गुन्हा. खोटं बोलणारी मुलं मी पुष्कळ बघितली होती. पण कुणाच्या घरी न जाण्याने आपण त्याला काय सांगतो, हे मला माहीत नव्हतं, आणि तेही आमच्याच घरातल्या मुलीला माहीत नव्हतं. मी भर रस्त्यात रडले. आत्याने रडू दिलं, चालणं मात्र थांबवलं नाही.

घर म्हणजे एक खोली, शेणाने सारवलेली, स्वच्छ. हे एक वाक्य माझं नशिबाने खरं निघालं. कोपऱ्यात नवा माठ होता, ओल्या फडक्याने गुंडाळलेला, आणि पेल्यावर दुकानाची चिकटपट्टी तशीच होती. गेंदाबाईने पहिला पेला आत्यापुढे धरला. आत्याने तो माझ्या हातात दिला. मी प्यायले, पूर्ण. मग आत्या प्यायली, पपा प्यायले. विल्सन साहेब दारात उभे होते, उन्हाने लालबुंद झालेले. “मुझे भी मिलेगा?” त्यांनी विचारलं. ते दोन पेले प्यायले. माणूस तहानलेला होता, त्यात तत्त्वाचा भाग किती होता मला माहीत नाही. पिंकी दाराआड उभी राहून एका पायाने दुसरा पाय खाजवत होती आणि एवढे लोक आपल्या घरी का आलेत याचा विचार करत होती.

मीटिंग त्याच संध्याकाळी झाली, आमच्याच घरी, कारण आत्याचे पाय सुजले होते. मी दाराबाहेर बसून ऐकलं. आत्या एकही वाक्य स्वतःच्या बाजूने बोलली नाही. ठरल्याप्रमाणे एक घर सुटलं होतं, बाजी हरली होती. विल्सन साहेबांनी फॉर्मचा मसुदाही आणला होता. तेव्हा पपा बोलले. ते म्हणाले, कारखान्यात एका कारागिराने सगळी यंत्रं चालवावी असं कोणी म्हणत नाही. तो दोघांना शिकवतो, ते दोघं चौघांना. आपल्या नियमाचं आज सगळ्यात जास्त कुणाला पडलं होतं? तुम्हाला नाही, मला नाही, आणि माझ्या मुलीला तर नाहीच. लोटी घेऊन आली त्या बाईला. तर पुढच्या वर्षी पाणी प्यायला शाळेने जायला नको, ज्यांच्या घरी शाळा एकदा जाऊन आली त्यांनी जावं. मुलं वाढतील तशी जाणारी माणसंही वाढतील. मग आत्या म्हणाली, “हे तुला जिलबी आणायच्या आधी सुचलं असतं तर?” आणि विल्सन साहेबांना मराठी येत नसूनही ते हसले.

शाळेची आता तीन मजली इमारत आहे. गेल्या महिन्यात तिथल्या नव्या प्रिन्सिपल मॅडमचा फोन आला होता. कुणीतरी त्यांना सुचवलंय की प्रवेश सगळा मोबाईलवरच करून टाकावा, लोकांचा वेळ वाचेल. पण जुने पालक ऐकत नाहीत, म्हणतात पाणी प्यायला जाणारच. तेव्हा हा नियम आला कुठून, तेवढं लिहून द्याल का, असं त्यांनी विचारलं. मी दोन ओळी लिहायला बसले आणि हे एवढं झालं. त्यात अजून एक गोष्ट राहिली आहे, आणि त्यांना वाचायला लावायची ती खरं म्हणजे तीच.

मला शिक्षा अशी झाली की पुढचा उन्हाळाभर मी गेंदाबाईची लेखनिक. ती पहिली पाणी पिणारी आई, आणि तिला लिहिता येत नव्हतं. आत्याने तिला पहिलंच घर दिलं ते कॉलनीतल्या एका मोठ्या अधिकाऱ्याचं. मला वाटलं मुद्दाम दिलं. आत्याला विचारलं तर म्हणाली, यादीत पहिलं होतं. आम्ही फाटक उघडून गेलो, गेंदाबाई धुवट साडीत, मी वही घेऊन. बाईसाहेबांनी दार उघडलं, माझ्याकडे बघून हसल्या, सोफ्यावर बसवलं. गेंदाबाई दाराशीच उभी राहिली, मी हात धरून तिला शेजारी बसवलं. आतून एका ट्रेमध्ये एकच काचेचा पेला आला, आणि तो माझ्यापुढे आला.

“मैं सिर्फ़ लिखने आई हूँ,” मी म्हटलं. “स्कूल से ये आई हैं। पानी इन्हें देना है।”

बाईसाहेबांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्या ट्रे घेऊन आत गेल्या आणि लवकर आल्या नाहीत. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. गेंदाबाई मांडीवर हात ठेवून सरळ बसली होती. मला राग येत होता, आणि त्या रागात मी मनातल्या मनात त्या घराविषयीची ओळ तयार करत होते, चांगली झणझणीत. मग बाईसाहेब आल्या. ट्रे नव्हता. तोच काचेचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. त्यांनी तो गेंदाबाईच्या हातात दिला. गेंदाबाई सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायली, तिने पेला पदराला पुसून परत दिला, मुलाला बोलावून त्याचं नाव विचारलं, आणि उठली.

रस्त्यावर आल्यावर मी वही उघडली आणि काय लिहू म्हणून विचारलं. मला वाटलं होतं, आता ती उट्टं काढणार.

“लिखो,” ती म्हणाली, “माँ के हाथ काँप रहे थे। डर रही थी कि बच्चे को लेंगे कि नहीं। मैं भी ऐसे ही डरी थी। ले लो।”

मी तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले आणि आम्ही दुसऱ्या घराकडे निघालो.